नीरेकाठचे आडनाव आणि नारिंगी डुसेनबर्ग

एका मोटारीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जवळजवळ पावणेतेरा फूट, आणि एवढ्या लांबीत बसायची सोय फक्त दोघांची. लांबलचक बॉनेट, त्यामागे दोन आसने, घडी करता येणारे कापडी छत आणि निमुळती होत गेलेली शेपटी. रंग दोनच, काळा आणि भगव्याकडे झुकणारा नारिंगी. इंजिन अमेरिकेतले, बॉडी लंडनमध्ये बांधलेली, मालक इंदूरचा. ही १९३० च्या दशकातली डुसेनबर्ग एसजे. तिच्या मालकाचे नाव महाराजा यशवंतराव होळकर, द्वितीय.

जुन्या मोटारींचे अभ्यासक या गाडीला आजही ‘इंदूरच्या महाराजांची डुसेनबर्ग’ म्हणूनच ओळखतात. इंदूर हे मात्र राजधानीचे नाव झाले. आडनावाचा पत्ता वेगळा आहे. तो पुणे जिल्ह्यात, नीरा नदीच्या काठी, बारामतीच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात सापडतो. हा धागा त्या पत्त्यापासून त्या मोटारीपर्यंतचा आहे. तो थोडा लांबेल, कारण वाटेत एक खून आहे, एक राजवाडा आहे आणि त्याच नीरेच्या काठी, थोडे खाली इंदापूर तालुक्यात, मोटारींचेच स्वप्न पाहणारा आणखी एक माणूस आहे.

होळ हे नीरेकाठचे गाव. होळचे म्हणून होळकर. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा. वडील खंडोजी यांच्याकडे गावचे चौगुलेपण होते. ते लवकर वारले आणि आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला, भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे गेली. मेंढरे राखणारा पोरगा मामाच्या पथकात स्वार झाला, पुढे पेशव्यांच्या सेवेत सरदार झाला आणि माळव्याचा सुभेदार होऊन १७६६ मध्ये मरण पावला. ही कथा शाळेच्या पुस्तकांतून बहुतेकांना ठाऊक असते. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. होळकरांची सारी प्रतिष्ठा वेगावर उभी होती. जड तोफखाना आणि तंबूंचा पसारा मागे ठेवून हलक्या घोड्यांवरून दिवसात कोसच्या कोस तोडणारे पथक हे त्यांचे शस्त्र होते. गनिमी काव्याची ही रीत पहिल्या यशवंतरावांनी इंग्रजांविरुद्धही वापरली आणि १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली.

मग २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह. त्यानंतर होळकरांचे राज्य राहिले, गादी राहिली, तोफांच्या सलाम्या राहिल्या. युद्ध करण्याचा अधिकार मात्र राहिला नाही. ज्या घराण्याचे नाव घोड्याच्या टापांनी झाले, त्याच्या घोड्यांना पुढची शंभर वर्षे मिरवणुकीखेरीज काम उरले नाही. संस्थानिकांच्या मोटारवेडाविषयी लिहिताना हा संदर्भ बहुधा गाळला जातो आणि नुसत्या गमतीदार गोष्टी सांगितल्या जातात: अमक्याने रोल्स रॉइस कचरा उचलायला लावली, तमक्याने हौदासारखी गाडी बनवून घेतली. त्यातल्या पुष्कळशा गोष्टींना पुरावा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली तेव्हा ती अशा माणसांच्या हाती पडली ज्यांच्याकडे पैसा होता, मान होता आणि करण्यासारखे फार थोडे होते, हे मात्र नक्की.

होळकरांच्या घराण्यात मोटार पहिल्यांदा इतिहास घडवून गेली ती डुसेनबर्ग नव्हे. ती लाल रंगाची मॅक्सवेल होती.

१२ जानेवारी १९२५. मुंबईच्या मलबार हिलवर संध्याकाळ उलटून गेलेली. अब्दुल कादर बावला हे धनिक व्यापारी आपल्या स्टुडबेकर गाडीतून फिरायला निघाले होते. सोबत मुमताज बेगम होत्या. मुमताज पूर्वी इंदूरच्या दरबारात, महाराजा तुकोजीराव (तृतीय) यांच्या आश्रयाला होत्या आणि तिथून निसटून त्यांनी मुंबई गाठली होती. मागून आलेली मॅक्सवेल बावलांच्या गाडीला धडकली. तिच्यातून उतरलेल्या माणसांनी बावलांवर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले आणि तिला ओढून आपल्या गाडीत घालण्याचा प्रयत्न केला. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी आपल्या मोटारीने तिथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावले आणि स्वतः गोळी लागून जखमी झाले. मुमताज वाचली. बावला वाचले नाहीत.

तीन मोटारी एका वळणावर एकत्र आल्या आणि एका संस्थानाचा राजा बदलला, असे या घटनेचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त होणार नाही. पकडलेल्या माणसांचे धागेदोरे थेट इंदूरपर्यंत पोहोचले. आरोपींमध्ये होळकरांच्या लष्करातले अधिकारी आनंदराव फणसे होते आणि त्यांच्या बचावासाठी उभे राहिलेले वकील होते महंमद अली जिना. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांना फाशीची आणि इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा दिली. महाराजांवर न्यायालयात कधीच आरोप ठेवला गेला नाही. मात्र इंग्रज सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली.

या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा मुमताजचा उल्लेख बहुधा ‘नर्तकी’ या एका शब्दात उरकला जातो. तिची बाजू निराळी होती. एका राजाच्या जनानखान्यातून बाहेर पडून स्वतःच्या इच्छेने जगू पाहणारी ती स्त्री होती आणि त्यासाठी तिने आगगाडी, न्यायालय, पोलीस, वर्तमानपत्र अशा त्या काळच्या प्रत्येक नव्या साधनाचा आधार घेतला. मोटार तिच्यासाठी पळून जाण्याची वाट होती. तिला पकडायला आलेल्यांसाठीही तेच साधन होते.

वडिलांनी गादी सोडली तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते. जन्म ६ सप्टेंबर १९०८. लग्न आधीच झालेले, वधू कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगितादेवी. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळायला १९३० उजाडले. दरम्यान ऑक्सफर्डचे शिक्षण झाले आणि तिथेच त्यांची गाठ एकार्ट म्यूथेसियस या बर्लिनच्या तरुण वास्तुविशारदाशी पडली. दोघांच्या वयात अवघे चार वर्षांचे अंतर. या मैत्रीतून इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला.

माणिकबागेत कमानी नाहीत, झुंबरे नाहीत, वाघांची मुंडकी नाहीत. १९३० ते १९३३ या काळात म्यूथेसियसने तिथे धातू, काच आणि सरळ रेषा यांचे घर उभारले. त्यातला बराचसा भाग युरोपात तयार करून जहाजाने आणला. खुर्च्या आयलीन ग्रे यांच्या, लेखनाचे टेबल र्‍युलमन यांचे, आरामखुर्ची ल कॉर्ब्यूझिए आणि शार्लोत पेरियां यांच्या आराखड्यातली. शिल्पकार ब्रांकुशी यांच्या ‘अवकाशातला पक्षी’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या महाराजांनी घेतल्या, एक पितळी झळाळीच्या कांस्याची, एक काळ्या संगमरवराची आणि एक पांढऱ्या. या तिघांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. चित्रकार बुते द मोंवेल यांनी महाराजांची दोन प्रसिद्ध चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या पोशाखात उभे आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या मराठी पोशाखात गादीवर बसलेले आहेत. दोन्हींत चेहरा तोच, लांबट, शांत, काहीसा दूर गेलेला.

डुसेनबर्ग याच अभिरुचीतून आली. तिच्याकडे केवळ श्रीमंताचे खेळणे म्हणून पाहिले तर तिचे वेगळेपण हातातून निसटते. त्या काळी बहुतेक संस्थानिक रोल्स रॉइस घेत. रोल्स ही साम्राज्याची गाडी होती, प्रतिष्ठित, निःशब्द, व्हाइसरॉयच्या ताफ्यात शोभणारी. यशवंतरावांनी अमेरिकन इंजिन निवडले.

फ्रेडरिक आणि ऑगस्ट हे डुसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले. सायकलींपासून सुरुवात करून ते शर्यतीच्या मोटारींकडे वळले. इंडियानापोलिसला त्यांचा कारखाना होता. धंदा त्यांना कधीच नीट जमला नाही. १९२६ मध्ये एरेट लॉबन कॉर्ड या उद्योजकाने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडरिकला सांगितले की जगातली सर्वोत्तम मोटार बनव, खर्चाची चिंता नको. १९२८ च्या अखेरीस न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ उभी राहिली. एका ओळीत आठ सिलिंडर, आकारमान ६.९ लिटर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि २६५ अश्वशक्तीचा दावा. त्या काळच्या साध्या फोर्डशी ही तुलनाच होऊ शकत नव्हती. डॅशबोर्डवर असे दिवे होते की तेल बदलायची किंवा बॅटरीत पाणी घालायची वेळ झाली की ते आपोआप लागत.

१९३२ मध्ये त्यावर ‘एसजे’ आली. या गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला होता. त्याचे काम समजायला सोपे आहे. इंजिन जेवढी हवा ओढू शकते तेवढेच इंधन त्यात जळते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून आत कोंबतो, त्यामुळे जास्त इंधन जळते आणि ताकद वाढते. एसजेची अश्वशक्ती ३२० सांगितली जाई आणि वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. त्याच वर्षी फ्रेडरिक डुसेनबर्ग स्वतः एसजे चालवत असताना पेनसिल्व्हेनियात अपघातात सापडला आणि त्या दुखण्यातून उठला नाही.

कंपनी विकत असे ती केवळ चॅसी, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाडा. बॉडी ग्राहकाने हवी तिथे बांधून घ्यायची. आपल्याकडे ट्रकची चॅसी कंपनीतून येते आणि बॉडी दुसऱ्याच गावच्या शेडमध्ये बांधली जाते, तसाच हा व्यवहार. १९३५ च्या सुमारास नुसत्या चॅसीची किंमत साडेनऊ हजार डॉलरच्या घरात होती. तेव्हा नवी फोर्ड पाच-सहाशे डॉलरना मिळे. त्या काळच्या विनिमयदराने हिशेब केला तर चॅसीचेच साधारण पंचवीस हजार रुपये होतात. सोने तोळ्याला तीस-पस्तीस रुपये असण्याचे ते दिवस. म्हणजे बॉडी, वाहतूक, जकात धरण्यापूर्वीच सात-आठशे तोळे सोने.

यशवंतरावांनी लांब चॅसी निवडली. सामान्यतः या लांबीवर सात माणसांची बंद लिमोझिन बांधत. त्यांनी त्यावर दोन माणसांची उघडी गाडी मागितली आणि काम लंडनच्या चेल्सी भागातल्या गर्नी नटिंग यांच्याकडे सोपवले. हा कारखाना प्रिन्स ऑफ वेल्सच्या मोटारींमुळे नावाजलेला होता. १९३६ च्या सुमारास गाडी तयार झाली. होळकरांच्या निशाणाशी नाते सांगणारा नारिंगी रंग त्यांनी मुद्दाम निवडला. पाहणाऱ्याला ती पाश्चात्त्य यंत्रकलेचा अर्क वाटावी आणि रंगाने तिचे मूळ गाव सांगावे, असा हा विचार असणार. होळच्या घोड्यांवरच्या निशाणाचे ते शेवटचे रूप म्हणायला हरकत नाही.

तरीही एक प्रश्न बाजूला सारता येत नाही. हा पैसा कोणाचा होता? महाराजांचा खासगी खर्च आणि राज्याचा खजिना यांच्यातली भिंत संस्थानांत फार पातळ असे. खजिना भरत असे तो मुख्यतः शेतसाऱ्याने. जगभर मंदी होती, शेतमालाचे भाव पडले होते आणि माळव्यातला कापूस-गहू पिकवणारा कुणबी त्याच काळात कर्जाने वाकलेला होता. ती डुसेनबर्ग पाहताना तिची रेषा मनात भरते. तिच्याखालचा हिशेब डोळ्यांआड करून ती रेषा नुसती पाहत राहणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल.

उलट बाजूही नोंदवायला हवी. यशवंतरावांना नुसता विलासी ठरवून मोकळे होता येत नाही. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंतसागर त्यांच्याच काळातला. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालचा होळकर क्रिकेट संघ त्यांच्या आश्रयाने उभा राहिला आणि त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, या महाराजांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या प्रश्नात अमेरिका, चीन व रशिया यांनी मध्यस्थी करावी अशी सूचना केली. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकलेल्या संस्थानिकाने असे पत्र लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या वडिलांचे काय झाले हे त्यांनी सतराव्या वर्षी पाहिले होते.

गाडी तयार झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९३७ मध्ये, संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघे बावीस-तेवीस. त्यानंतर ब्रांकुशी ध्यानमंदिराच्या कामासाठी इंदूरला आले खरे, पण मंदिर कधी बांधले गेले नाही. डुसेनबर्ग कंपनीही १९३७ मध्येच बंद पडली. दोन आसनांची ती गाडी ज्या आयुष्यासाठी मागवली होती, ते आयुष्य तिच्या आगमनाबरोबरच संपले होते.

आता पुन्हा नीरेकडे यायचे. होळपासून नदी पूर्वेकडे वाहते. एके काळी हा सारा मुलूख कोरडवाहू होता, बारामती आणि इंदापूर म्हणजे दुष्काळाच्या कामांचे तालुके. १८८० च्या दशकात भाटघर धरणाच्या आधारे नीरेचा डावा कालवा झाला आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहू लागला. याच कालव्याच्या क्षेत्रात, इंदापूर तालुक्यातल्या कळंब येथे, सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी माळरान ताब्यात घेऊन साखर कारखाना उभारला. तेच आजचे वालचंदनगर.

वालचंद हे रेल्वेची कंत्राटे घेता घेता जहाजांकडे वळलेले उद्योजक. १९१९ साली त्यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले होते. इंग्रज आगबोट कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते उघड आव्हान होते. १९३० च्या दशकात त्यांच्या मनाने मोटारीचा कारखाना घेतला. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेत फिरून मोटारउद्योगाचा अभ्यास केला आणि मुंबईत कारखाना काढण्याची योजना आखली, त्यामागे वालचंदही होते. १९३७ मध्ये आलेल्या मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली. पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलणी फसली, अखेर क्रायस्लरशी करार झाला. मग भारत सरकार आडवे आले. मोटारीचा कारखाना युद्धकार्यासाठी आवश्यक नाही, असे कारण देऊन त्याने सवलती आणि परकीय चलन नाकारले. ज्या युद्धात ट्रकांवाचून एक पाऊल पुढे पडत नव्हते, त्या युद्धात दिलेले हे कारण!

तारखा शेजारी ठेवून पाहा. १९३५-३६ मध्ये नीरेकाठचे आडनाव धारण करणारा एक महाराजा जगातल्या सर्वांत महागड्या मोटारींपैकी एक विकत घेतो. त्याला कोणी अडवत नाही. त्याच सुमारास नीरेच्याच पाण्यावर साखर पिकवणारा एक उद्योजक याच देशात मोटार बनवू पाहतो, आणि त्याला प्रत्येक दारात थांबवले जाते. संस्थानिकाने परदेशी मोटारीवर लाख उधळले तरी साम्राज्याचे काही बिघडत नव्हते, उलट ते त्याला सोयीचेच होते. देशी कारखाना सोयीचा नव्हता. होळकरांच्या डुसेनबर्गविषयी बोलताना वालचंदांची ही फाईल उघडली नाही तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्या क्रायस्लरच्या जुळणीच्या गाड्या होत्या, डॉज, डिसोटो, प्लिमथ. इथे इतिहासाची एक खोडी नोंदवण्यासारखी आहे. क्रायस्लर कंपनी जन्माला आली ती १९२५ मध्ये, वॉल्टर क्रायस्लर यांनी डबघाईला आलेल्या मॅक्सवेल कंपनीची पुनर्रचना करून. मलबार हिलवर बावलांच्या गाडीला धडकलेली ती लाल मॅक्सवेल ज्या कारखान्याची, त्याच्याच वारसाशी हात मिळवून वालचंदांनी कुर्ल्यात मोटार उभी केली.

वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढे प्रीमियरने फियाटशी सहकार्य केले आणि त्यातूनच नंतरची पद्मिनी आली. मुंबईच्या टॅक्सीचे रूप तिने ठरवले. खाली काळा आणि वर पिवळा असा जो रंग दोन-तीन पिढ्यांनी पाहिला, तो होळकरांच्या गाडीच्या रंगापासून फार दूर नाही. अर्थात हा योगायोगच. एकीत दोन माणसे बसत, दुसरीत चालकाशेजारीही प्रवासी दाटीने बसत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून हटली, तेव्हा तिला निरोप द्यायला माणसे जमली होती.

इंदूरच्या गाडीला असा निरोप मिळाला नाही. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव काही काळ उपराजप्रमुख होते आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. संस्थाने गेल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत देशातल्या कितीतरी राजघराण्यांच्या मोटारी परदेशी संग्राहकांनी उचलल्या. गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या गाडीला सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हते आणि तिची किंमत कोणाला ठाऊकही नव्हती. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले तेव्हा पुष्कळशा गाड्या आधीच निघून गेल्या होत्या. होळकरांची डुसेनबर्गही अमेरिकेत, जिथे तिचे इंजिन बनले होते तिथेच परतली. तिथल्या संग्राहकांनी तिला जपले, आणि मान्य करायला हवे की उत्तम जपले.

माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोंटे कार्लोला लिलावात विकले गेले. त्यातले काही नग आज जगातल्या नामवंत संग्रहांत आहेत. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने या महाराजांवर आणि त्यांच्या राजवाड्यावर मोठे प्रदर्शन भरवले. राजवाड्याची इमारत इंदूरलाच आहे. तिच्यात केंद्रीय कर खात्याचे कार्यालय भरते.

नीरा होळवरून पुढे वाहत जाऊन इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते. वालचंदनगरचा कारखाना पुढे साखरेबरोबर जड यंत्रसामग्रीकडे वळला. गिअरबॉक्स, सिमेंट आणि साखर कारखान्यांची यंत्रे, अणुभट्ट्यांचे भाग अशी कामे तिथे होऊ लागली. मोटारगाडी तिथे कधी बनली नाही. इस्रोच्या अग्निबाणांसाठी लागणारी मोटर केसिंग, म्हणजे घन इंधन पोटात घेऊन जळणारी पोलादी नळकांडी, मात्र तिथे बनतात आणि तिथून श्रीहरिकोट्याकडे रवाना होतात.